बुवांचे अकरा तास

मापाच्या बाबतीत माझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय! ही बढाई नव्हे, तीस वर्षांचा अनुभव आहे. दुकानाच्या दारातून माणूस आत आला की त्याचं नाव मला नंतर कळतं, छाती-कंबर आधी कळते. पण म्हणून मी टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही हं! दोनदा मोजायचं, एकदा कापायचं, आणि शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. त्याला आम्ही शिंपी लोक 'माया' म्हणतो. गिऱ्हाईक सुटलं की माया उसवायची आणि कोट मोठा करून द्यायचा. मायेशिवाय कपडा टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही.

तर अशी मी! आणि अशा माझ्याच हातून, एकदाही न मोजता, ऐंशी वर्षांच्या एका भल्या माणसाला सलग अकरा तास उभं राहण्याची शिक्षा झाली. कशी ते सांगते. हसायचं तर हसा, पण जरा बेताने.

दुपारच्या वेळी दुकानात माशीसुद्धा येत नाही. मग मी कापायच्या टेबलावर इस्त्रीच्या शेजारी लॅपटॉप उघडते आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहिते. हा ज्ञानकोश म्हणजे मोठी गमतीची जागा आहे. कुणीही यावं, लिहावं. दुसऱ्या कुणीही यावं, ते खोडावं! पगार नाही, मानधन नाही, भांडण मात्र पोटभर. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं. लेख ही कोटाची सुलटी बाजू, आणि चर्चापान ही उलटी. सुलट्या बाजूला कसं सगळं चापूनचोपून, आणि उलटून पाहावं तर गाठी, लोंबते धागे, आणि कुणीतरी रागाने मारलेले टाके!

तिथे खरी नावं कुणी सांगत नाही. मी 'सुईदोरा' या नावाने लिहिते. शिवणयंत्रांवर लिहिलं, बटणांवर लिहिलं, आणि एक दिवस मनात आलं, आपल्या बुवांवर लेख नाही म्हणजे काय!

बुवा म्हणजे आमच्या गावातले कीर्तनकार. लहानपणापासून मी त्यांचं कीर्तन ऐकत आले. त्यांनी तान घेतली की मशीनवर बसल्या बसल्या पाय आपोआप ताल धरतो आणि शिवण वाकडी जाते. बुवांचे कोट मीच शिवते. शिलाई विचारली की म्हणते, "पुढच्या वेळी." ही पुढची वेळ गेली बावीस वर्षं आलेली नाही.

लेख लिहिला. पहिलंच वाक्य असं: 'थोर, नम्र, रसाळ वाणीचे बुवा तासन्‌तास उभे राहून कीर्तन करत श्रोत्यांना देवाच्या दारात नेऊन सोडतात.' वाचून माझेच डोळे पाणावले. डोळे पुसून पाहते तो वाक्य निम्मं गायब!

'काटेकोर' नावाचा एक संपादक येऊन गेला होता. चर्चापानावर त्याने लिहून ठेवलं होतं:

"'थोर' काढले. ते मत आहे, माहिती नाही. 'रसाळ' काढले. फळांच्या लेखात चालेल. 'देवाच्या दारात' काढले. पत्ता पडताळता येत नाही. 'नम्र' काढले. नम्रतेला संदर्भ हवा."

नम्रतेला संदर्भ! म्हणजे बुवा नम्र आहेत हे कुठेतरी छापून आलेलं दाखवायचं! आमच्यात हा नियमच आहे: तुम्हाला काय माहीत आहे याला किंमत नाही, कुठे छापलंय त्याला आहे. मी लिहिलं, "अहो, एकदा भेटा त्यांना, म्हणजे कळेल."

"भेट हा संदर्भ नाही," काटेकोर.

"मी त्यांना पन्नास वर्षं ओळखते!"

"तुम्हीही संदर्भ नाही."

या 'नम्र'वरून आम्ही तब्बल वर्षभर भांडलो. मी घालायची, त्याने काढायचं. मी घालायची, त्याने काढायचं. आमच्या वन्सं दुकानात काज-बटणाचं काम करतात. त्या म्हणायच्या, "वहिनी, त्या माणसाने एवढा वेळ बटणं लावली असती तर एक पलटण नटली असती."

शेवटी मी 'नम्र' सोडलं. पण वाक्याचं शेपूट उरलं होतं, 'बुवा तासन्‌तास उभे राहून कीर्तन करत'. काटेकोर तिथेही टेप घेऊन हजर!

"तासन्‌तास म्हणजे किती? औषधाच्या बाटलीवर 'बरंचसं घ्या' असं लिहून चालेल का?"

आता माझी तार सटकली. मला माझ्या सहाव्या वर्षातला एक दिवस लख्ख आठवतो. बाबा वीजतंत्री होते. गावातल्या सभागृहाच्या दिव्यांचं काम निघालं होतं, आई माहेरी होती, म्हणून बाबा मला सोबत घेऊन गेले. भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं आणि मी नुकतीच घड्याळ शिकले होते. सकाळी आठ वाजता पाहिलं: बुवा उभे राहून गातायत. संध्याकाळी सात वाजता पाहिलं: बुवा उभे राहून गातायत! मी हे सगळं ठणकावून लिहिलं आणि खाली घातलं, "मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"म्हणजे अकरा तास," काटेकोरचं उत्तर आलं. "मधे विश्रांती?"

"मला दिसली नाही!" मी लिहिलं.

आणि ही गोष्ट शंभर टक्के खरी होती. का, ते पुढे येईलच.

तेवढ्यात 'मधलीवाट' आला. हा आमच्यातला तडजोडवाला. एक जण म्हणाला दोन आणि दोन चार, दुसरा म्हणाला सहा, तर हा विचारणार, "पाचावर सहमती होईल का?" त्याने तोडगा काढला: "'तासन्‌तास' संदिग्ध आहे, आकडा बरा. 'बुवांनी एकदा सलग अकरा तास उभे राहून कीर्तन केले.' पुढे बारीक अक्षरात 'संदर्भ हवा' अशी पाटी लावू. सहमती?"

काटेकोरने सही केली. मी तर नाचत सही केली! वर्षभरात पहिल्यांदा माझं काही टिकलं होतं.

"जिंकले!" मी ओरडले.

"काय जिंकलात?" वन्संनी सुईतून मान वर न काढता विचारलं.

"अकरा तास!"

"घ्या! आणि त्या गणवेशाची बाही दोन दिवस लोंबतेय, ती कधी जिंकणार?"

दहा दिवसांनी पेपरात बातमी आली. बुवांना ऐंशी पूर्ण होणार, सभागृहात सत्कार होणार. मी आनंदाने मोठ्याने वाचायला लागले. "...ज्यांनी एकदा सलग अकरा तास उभे राहून कीर्तन केले, अशा बुवांचा..." आणि माझा आवाज मशीनमध्ये दोरा अडकावा तसा अडकला.

अकरा तास? यांना कुणी सांगितलं?

लॅपटॉप उघडला. लेखातली 'संदर्भ हवा' ही पाटी गेली होती. तिथे ऐटीत एक आकडा बसला होता: संदर्भ क्रमांक एक, आजचा पेपर! खाली काटेकोरची नोंद: "संदर्भ मिळाला, लावला. अभिनंदन, सुईदोरा."

मी थेट पेपरात फोन लावला. वार्ताहर उत्साही होता.

"ते अकरा तास तुम्हाला कुठे मिळाले हो?"

"ज्ञानकोशात आहे की!"

"अहो, पण तिथे 'संदर्भ हवा' असं लिहिलं होतं ना!"

"असं? थांबा, बघतो... नाही बाई, इथे तर संदर्भ आहे. आमच्याच पेपराचा! बघा, आम्ही कधी चुकीचं छापत नाही."

फोन ठेवला आणि खाली बसले. पेपरवाल्याने आमच्यावर विश्वास ठेवला, आम्ही पेपरवाल्यावर ठेवला. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्याला धरून उभे असावेत तसं ते वाक्य उभं होतं, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय भक्कम मैत्री!

"त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?" वन्सं म्हणाल्या. "अकरा काय, नि बारा काय. कौतुकच झालं की."

मलाही तसंच वाटलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सभागृहाच्या फाटकावर मोटारीएवढा फलक लागला: 'ऐंशीव्या वर्षी पुन्हा तोच चमत्कार! बुवांचे अकरा तासांचे कीर्तन! सकाळी आठ ते संध्याकाळी सात! उश्या आपापल्या आणाव्यात!'

तशीच धावत सभागृहाच्या चिटणिसांकडे गेले. ते खुर्च्या मोजत होते.

"चिटणीससाहेब, हे काय मांडलंय? त्यांचं वय काय, त्यांचे गुडघे काय!"

"डॉक्टर सांगून ठेवलाय ना! पहिल्या रांगेत बसणार. स्ट्रेचर पडद्यामागे."

"स्ट्रेचर!"

"दिसणार नाही हो कुणाला. पडद्याला मॅचिंग चादर घातलीय."

"पण बुवा तयार कसे झाले?"

"बुवा?" चिटणिसांनी खुर्च्या मोजणं थांबवलं. "काय माणूस आहे! त्यांना पेपर दाखवला. जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, लोकांची इच्छा असेल तर उभा राहतो बापडा."

घरी आले ती घामाने निथळत. आता एकच उपाय. आपणच लिहिलं, आपणच खोडू. ते वाक्य काढलं. पाच मिनिटांत मधलीवाटने परत घातलं: "संदर्भ असलेला मजकूर काढू नये." मी लिहिलं, "तो आकडा चुकीचा असेल." त्याने लिहिलं, "आपण तर डोळ्यांनी पाहिले होते. खाली आपली सही आहे." मी पुन्हा काढलं. त्याने पुन्हा घातलं आणि मला समज दिली: "हे तोडफोड समजले जाईल. साडेपाच तासांवर सहमती होईल का?"

मग मी काटेकोरलाच साकडं घातलं. "अहो, तुम्ही तरी! वर्षभर माझं एक विशेषण टिकू दिलं नाहीत, आणि हे टिकवता?"

काटेकोरचं उत्तर आलं. "पेपरने आपल्याकडूनच उचलले असेल तर संदर्भ बाद. पण तसे छापील कुठे आहे का?"

म्हणजे पेपर चुकला हे पेपरातच छापून यायला हवं होतं! मी लॅपटॉप मिटला आणि त्यावर डोकं ठेवलं. वन्संनी मुकाट्याने चहा आणून ठेवला. टोमणा मारला नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बुवा दुकानात आले. सत्काराचा कोट शिवायचा होता. नेहमी येतात आणि खुर्चीवर बसतात. आज बसेनात.

"बसा ना, बुवा."

"नको गं. सवय करतोय. काल पाऊण तास उभा राहिलो. आज तासभर राहायचंय. लेक ओरडते, पण खिडकीचा गज धरला की जमतं."

मी टेप घेतला आणि मापं घ्यायला लागले. छाती गेल्या वेळेपेक्षा दीड इंचाने कमी. खांदे उतरलेले. मी जुन्या कोटावर टाचण्या लावत होते आणि बुवा बोलत होते.

"एक गंमत बघ. मला तो दिवस आठवतच नाही. किती डोकं खाजवलं! अकरा तास उभा राहिलो आणि विसरलो, असं होईल का? पण छापलंय म्हणजे केलं असणार. या वयात आपल्या डोक्यापेक्षा कागद बरा. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं! मला ओरडून सांगायचं होतं, बुवा, तो कागद म्हणजे मी! पण माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या. मी "म्म्म! म्म्म!" केलं.

"हो ना?" बुवा समाधानाने म्हणाले. "तू तर लहानपणापासून येतेस. तुला आठवत असेल. बरं झालं विचारलं."

टाचण्या काढून तोंड रिकामं करेपर्यंत ते म्हणाले, "आणि कोटाच्या आतून कमरेला एक जाड पट्टी शिव. पाठ धरून ठेवील." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मला बोलवेना. टाचण्या केव्हाच निघाल्या होत्या, तोंड उघडत नव्हतं. खरं सांगू? भीती अकरा तासांची नव्हती. हा हात पुन्हा डोक्यावर येणार नाही, ही होती.

बुवा गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "सांगितलं नाहीत."

"टाचण्या होत्या तोंडात."

"सगळ्या सात तुमच्या समोर बशीत आहेत, वहिनी."

त्या आठवड्यात मी काय काय शिवलं देव जाणे! एका विजारीला तीन पाय झाले. शाळेच्या एका गणवेशाच्या दोन्ही बटणपट्ट्या पाठीवर आल्या. बुवांच्या कोटाबद्दल तर मनात पाप आलं. म्हटलं, छातीत दोन इंच घट्ट शिवावा. पंधरा मिनिटांत जीव गुदमरेल, आपोआप खाली बसतील! खडूने तशी खूणसुद्धा केली. पण कात्री चालेना. बावीस वर्षांचा हात तो, ऐकतोय होय! उलट नेहमीपेक्षा जास्त माया ठेवून बसले.

सत्काराचा दिवस उजाडला. सकाळी पावणेआठला सभागृह तुडुंब! लोक उश्या, चादरी, डबे, बाळांच्या बाटल्या घेऊन आले होते. सत्कारसभा कसली, बोट चुकलेल्या प्रवाशांचा मुक्काम वाटत होता. पहिल्या रांगेत डॉक्टर. डॉक्टरांच्या शेजारी एक किरकोळ, चष्मेवाले गृहस्थ, हातात धावण्याच्या शर्यतीत असतं तसलं घड्याळ, मांडीवर वही. मी आणि वन्सं दुसऱ्या रांगेत, नेमक्या त्यांच्या मागे.

बुवा आले. माझा कोट अंगावर काय शोभत होता! लोक उभे राहिले. बुवांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सूर लावला. पहिल्या रांगेतलं घड्याळ टक्‌ करून सुरू झालं.

आवाज पूर्वीचाच. किंचित कापरा, पण तोच. एरवी मी केव्हाच विरघळले असते. आज मात्र माझे डोळे त्यांच्या गुडघ्यांवर. पाच मिनिटं झाली. आठ झाली. बाराव्या मिनिटाला उजवा गुडघा थरथरला. बुवांनी हळूच पेटीच्या कडेवर हात टेकला. पेटीवाल्याचे सूर घसरले. भिंतीवर तेच ताटाएवढं घड्याळ, तीच जागा, आणि अजून दहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं बाकी!

"वहिनी," वन्सं कानाशी लागल्या, "आता टाचण्या नाहीत."

मी कशी उठले मला माहीत नाही.

"थांबा!" माझ्या तोंडून निघालं. "बुवा, बसा! खाली बसा! अकरा तास खोटे आहेत! मी लिहिलेत!"

सभागृहात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि सुईचा आवाज मी ओळखते. चिटणीस पडद्यामागून स्ट्रेचरसकट बाहेर आले. मी भडाभडा सगळं ओकले: ज्ञानकोश, चर्चापान, 'तासन्‌तास', सहीवर सही, पेपर, संदर्भ. "सहा वर्षांची होते हो! सकाळी आठला तुम्ही गात होता, संध्याकाळी सातला गात होता. मला वाटलं..." आणि मला रडू फुटलं.

बुवा माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"सहा वर्षांची?" ते म्हणाले. "म्हणजे वीजतंत्र्यासोबत आलेली ती मुलगी तू! अरे हो! आता आठवलं!"

आणि ते खुर्चीत बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला.

"त्या दिवशी दोन कीर्तनं होती," बुवा लोकांना सांगायला लागले. "सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. मधे मी घरी जाऊन जेवलो, झोपलो, पाय चेपून घेतले. पण सकाळचं संपवून कोट घ्यायला खोलीत जातो तो काय! ही मुलगी माझ्या कोटावर गाढ झोपलेली. तोंडाची लाळ कॉलरवर. कोट ओढला असता तर जागी झाली असती. मग काय करता! बिनकोटाचा घरी गेलो. संध्याकाळी आलो तरी ही झोपलेलीच! म्हणून तसाच उभा राहिलो गायला. मी सूर लावला तेव्हा कुठे ही उठून दारात आली."

चारशे माणसं हसली. उश्या उडाल्या. मी तोंड पदरात लपवलं. मधे विश्रांती दिसली नाही, हे खरंच होतं हो! डोळे मिटलेले असले की काय दिसणार?

"आठ दिवस मी त्या अकरा तासांना शोधत होतो," बुवा म्हणाले. "ते हिच्याकडे होते. हिने झोपून काढले होते. इकडे ये गं."

मी गेले. हात डोक्यावर आला. तोच! मग बुवांनी बसल्या बसल्या चाळीस मिनिटं असं काही गायलं की डॉक्टर रडले आणि स्ट्रेचरवर चिटणीस बसून ऐकत राहिले.

सगळं आटोपल्यावर ते चष्मेवाले गृहस्थ माझ्यापाशी आले. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

"सुईदोरा?"

"तुम्ही...?"

"काटेकोर. माझं औषधांचं दुकान आहे, पलीकडच्या गावात." त्यांनी पिशवीतून गुडघ्याला लावायची पट्टी आणि मलमाच्या तीन नळ्या काढल्या. "बुवांसाठी आणलं होतं. मलाही आठ दिवस झोप नव्हती हो. सही माझीही होती ना."

आणि मी या माणसाला वर्षभर झुपकेदार मिश्यांचा, लाल डोळ्यांचा राक्षस समजत होते! शर्टाची कॉलर बघा, किती बिचारी उसवलेली. म्हटलं, शर्ट आजच दुकानात पाठवा, कॉलर शिवून देते.

"मग आता तरी काढाल ना ते अकरा तास?" मी विचारलं. "बुवा स्वतः बोलले!"

"तोंडी बोलले," काटेकोर खाली मान घालून म्हणाले. "पण तो वार्ताहर लिहून घेत होता. उद्या छापून येईल. आलं की लगेच काढतो. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी मी पेपरवाल्याच्या आधी दारात उभी! बातमी पहिल्याच पानावर होती. मोठ्या अक्षरात: 'अकरा तासांच्या विक्रमाचे श्रेय घेण्यास बुवांचा नम्र नकार!' खाली मजकूर: 'अत्यंत नम्र स्वभावाच्या बुवांनी आपण केवळ दोन कीर्तने केल्याचे सांगून सर्वांना भारावून टाकले. त्या ऐतिहासिक दिवशी एक चिमुरडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पापणीही न लवता, त्यांचे कीर्तन ऐकत होती, अशी हृद्य आठवणही यावेळी निघाली.'

मी लेख उघडला. मधलीवाटने सगळं आधीच घालून ठेवलं होतं. अकरा तास जागच्या जागी, आता दोन संदर्भांसह. आणि त्याच्या आधी एक नवा शब्द, शेजारी संदर्भाचा आकडा घेऊन: 'नम्र'.

वर्षभर ज्याच्यासाठी भांडले ते आलं! आणि असं आलं!

चर्चापानावर काटेकोरांची नोंद होती. बिचाऱ्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केलेला दिसत होता: "मी प्रत्यक्ष हजर होतो, पण मी संदर्भ नाही. तूर्त एकच शंका. 'पापणीही न लवता' म्हणजे नेमका किती वेळ? ती मुलगी कोण हे कुणाला ठाऊक आहे का?"

वन्संनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "लिहा ना आता. सांगा, ती मुलगी मीच, आणि मी घोरत होते म्हणून."

"लिहिलं असतं हो, वन्सं," मी लॅपटॉप मिटून काटेकोरांच्या शर्टाची कॉलर पुढ्यात ओढली, "पण छापलंय कुठे?"